काकूंसकट घर

घर पुतण्याचं, पण त्यात राहण्याचा हक्क काकूंचा, त्या हयात असेपर्यंत. काकांनी मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलं होतं. म्हणजे घर कुणी विकत घेतलंच, तर काकूंसकट! आणि काकू तलावावर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या, सत्तरीतही ठणठणीत. गिऱ्हाईक यायचं, त्यांचे दंड बघायचं आणि चहा न घेताच परत फिरायचं.

इकडे पुतण्याला बेकरी टाकायची होती. भट्टीची जागा हातची निघून चालली होती.

"काकू, उद्या जरा आजारी पडशील?"

"किती?"

"थोडीशीच. नुसतं खोकलीस तरी पुरे."

"हे बघ, कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार. न विचारता खोकायला माझं काय जातंय!"

दुसऱ्या दिवशी काकू शाल पांघरून पलंगावर. दारामागे वाळणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावर पुतण्यानं घाईघाईनं टॉवेल टाकला. एजंट एका जाडजूड बस-ड्रायव्हरला घेऊन आला. तीन जिने चढून तो बिचारा खुर्चीत कोसळलाच.

"बाईंची तब्येत तर... बघताच आहात," एजंट हळहळला.

काकू खोकल्या. ड्रायव्हर धापा टाकत होता. काकू पुन्हा खोकल्या, पण नजर त्याच्या वरखाली होणाऱ्या खांद्यांवर. शेवटी शाल भिरकावून त्या ताडकन उठल्या.

"अहो, खांद्यांनी कसला श्वास घेताय? देवानं एवढं मोठं पोट दिलंय, वापरा की! हं, उभे राहा. आत... धरा... सोडा!"

ड्रायव्हरनं सोडला. एजंटनंही सोडला.

"काकू, अगं माझी बेकरी!" पुतण्या कळवळला.

काकूंनी जीभ चावली. "अगं बाई! मी आजारी होते, नाही का?"

ड्रायव्हर खो खो हसत सुटला. "खरं सांगा, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. आणि माझी आई पंच्याण्णवला गेली, तीसुद्धा झाडावरून पडून."

एजंटनं कपाळावर हात मारला. ड्रायव्हर मात्र घरभर फिरला, खिडक्या उघडून पाहिल्या, भिंतींवर टिचक्या मारल्या, दारामागचा टॉवेल उचलून पोहण्याचा पोशाखही पाहिला.

"मी सदा गाडीवर. घर आत्ता घेऊन कुलूपच लावणार, आणि बंद घराला लागते वाळवी. माणूस राहतंय ते बरंच आहे. घेतो मी. पण एक अडचण आहे."

पुतण्याचा श्वास अडकला. "कसली?"

"यांच्यानंतर इथं राहायचं, तर तोवर मलाही टिकायला हवं ना! बाई, तलावावर कधी येऊ?"

"उजाडताच. आणि आधी अंघोळ, मग पाणी. मालक असाल ते घराचे, तलावाचे नव्हे!"