मावशीची कानटोपी

मे महिन्यात, नागपुरात, कुलरसमोर कानटोपी घालून बसणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे माझी मावशी. कानटोपी म्हणजे हेडफोन. तिच्या मुलाने, शरदने, मस्कतहून पाठवलेले. धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत तेव्हा ती वस्तू कोणी पाहिलेली नव्हती, आणि मावशीने एकदा जे नाव ठेवलं ते ठेवलं. मी तिथल्याच शाळेत शिकवत होते आणि तिच्याकडे राहत होते.

हौस तिला गाण्यांची नव्हती. काका गेल्यावर त्यांच्या आवाजाची एक कॅसेट उरली होती. टेपरेकॉर्डर नवा आणला तेव्हा काकांनी गंमत म्हणून बडबड केली होती, "हॅलो, हॅलो... चालू हाये का हे?... अवं, चहा ठेवून राहिली का?" पुढे नुसती खरखर. बस्, एवढंच. पण उन्हाळाभर आमचा कुलर असा घरघरायचा, की काका बिचारे त्यात ऐकूच येत नसत. म्हणून ही कानटोपी.

आली तेव्हा तिने ती घातलीच नाही. नवा माठ आणला की आपण आधी पाणी भरून ओतून देतो ना, तसं तिचं चाललं. हेडफोन रेडिओला जोडून फळीवर ठेवले आणि दिवसदिवस बातम्या, भजनं, शेतकऱ्यांसाठीची माहिती, सगळं त्या फळीला ऐकवलं. मला हसू आवरेना.

"काहून हासून राहिली वं? कोरा आवाज कानाले टोचते. आधी त्याले मुरू दे, मग मी ऐकीन."

शरद सुटीवर आला तेव्हा म्हणाला, "आई, यंत्र मुरत नसतं गं, तुझा कान मुरला."

"कोणी का मुरेना! तुझे बाबा जवळ बसल्यासारखे वाटते ना मले, झालं मग."

वैशाखातली दुपार मला अजून तशीच दिसते. वाळ्याचा ओला वास, पडदे ओढून केलेला हिरवट अंधार, आणि त्यात डोळे मिटून बसलेली मावशी. काकांचं बोलणं संपत आलं की तिचे ओठ जरासे हलायचे. मला वाटायचं, नाव घेत असेल देवाचं.

पण आमचा उन्हाळा कशालाही सोडत नाही. घामाने कानांवरच्या गाद्या चिरल्या, रेक्झिनचे काळे कपटे तिच्या गालाला चिकटायला लागले, आतला स्पंज पार चपटा झाला. पुढच्या सुटीत शरदने गुबगुबीत नव्या गाद्या आणल्या. आईला खूश करायचं म्हणून आल्या आल्या बसवल्या आणि जुन्या देऊन टाकल्या कचऱ्यात.

मावशीने कॅसेट लावली आणि तिचा चेहरा उतरला. "हे तुझे बाबा नाहीत रे. हे तर कलेक्टर कचेरीतून बोलून राहिले."

शरद हसला, पण मावशी रडत होती. "दुसऱ्यांदा गेले रे ते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नव्या गाद्या उसवल्या, स्पंज काढून टाकला, आणि काकांच्या विटलेल्या मऊ धोतराचे तुकडे घेऊन खोळी शिवायला बसली. शरद मुकाट्याने सुईत दोरा ओवून देत होता. मग रोज दुपारी ती कानटोपी चढवून तांदूळ निवडायची. कॅसेट बंदच. "बसू दे आधी कानावर," म्हणायची. सुटी संपून शरद गेलासुद्धा. आणि एका दुपारी तिने पुन्हा कॅसेट लावली, डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "आले."

मावशी गेल्यावर शरदने कानटोपी मला दिली. मी ती पहिल्यांदाच कानावर चढवली आणि कॅसेट लावली. धोतराच्या त्या गाद्या तिच्या कानांवर बसून बसून अगदी पातळ झाल्या होत्या. काका कानाशी येऊन विचारत होते, "अवं, चहा ठेवून राहिली का?" आणि मग जिथे मला आजवर नुसती खरखर ऐकू आली होती, तिथे लांबून, स्वयंपाकघरातून, एक तरणा आवाज आला, "ठेवला जी, आलीच!"

तिचे ओठ का हलायचे ते तेव्हा कळलं, आणि मी ढसाढसा रडले.