नदीच्या तक्त्यातली बारा घरं

सुकुमार कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि सांगलीत राहायचा. येता-जाता गाडीत त्याच्या मांडीवर वही असे. तीत एपीएल नावाच्या संगणकाच्या भाषेतली वाक्यं असत, बाणांची, त्रिकोणांची, उजवीकडून डावीकडे सुटत जाणारी. यंत्र मुंबईत होतं. हा पोस्टानं कागद पाठवी आणि उत्तराची वाट बघे. आज वाटतं, त्या वाट बघण्यातच त्याचं सगळं सुख होतं.

अठ्ठ्याहत्तर साली त्यानं नानासोंची नदी त्या भाषेत घातली. नानासो पाटबंधारे खात्यासाठी वीस वर्षं कृष्णेच्या पुलाशी पाण्याची पातळी वाचून वहीत लिहीत होते. निवृत्तीला दोन महिने उरले होते. आकडे भरवशाचे ठरले तर वही कचेरीत राहणार होती, नाहीतर रद्दीत जाणार होती.

मुंबईहून तक्ता आला तेव्हा नानासो सुकुमारच्या सोप्यात बसून तो बोटानं वाचत गेले. एका ओळीशी बोट थांबलं.

“मास्तर, सहासष्टच्या श्रावणात नदी आटली व्हती व्हय?”

तिथे ओळीनं बारा शून्यं होती.

“अहो, वहीत ती घरं कोरी होती,” सुकुमार म्हणाला.

“बनुबाई गेली तवाचं दिवस ते. बायकोच्या सुतकात घरी बसलो. लोक म्हणलं, कालचाच आकडा लिव, कोण बघतंय? जे बघितलं न्हाई ते लिवू कसं? बहात्तरच्या दुष्काळातबी शून्य लिवलं न्हाई मी. तुमी भर पावसाळ्यात लिवलंय.”

एपीएलच्या तक्त्यात कोरं घर चालत नसे. सुकुमारनं तिथे शून्य भरलं, यंत्रानं ते खरं मानलं, आणि त्या वर्षीची सरासरी कोसळली. कचेरीला नानासो खोटे वाटले असते.

परदेशी गेलेल्या मित्रानं, भूपालनं, सुकुमारला एक लेख पाठवला होता. त्यात एपीएलच्या पुढच्या बोलींचा, म्हणजे तिच्या नव्या रूपांचा वाद होता. तक्त्याच्या घरात नुसत्या आकड्याऐवजी डबी ठेवता यावी, ती रिकामीही असावी, इथवर सगळ्यांचं जमत होतं. पण डबीत एकच आकडा असेल तर? काही म्हणत, तो नुसता आकडाच. काही म्हणत, डबी ती डबीच.

“आता डब्यांवरून भांडणार तुम्ही लोक?” त्रिशला, त्याची बायको, हसली. “अहो, माझ्या फडताळात निम्म्या रिकाम्याच आहेत. त्यांच्यावर शून्य लिहून ठेवू का?”

मुंबईच्या यंत्राला मात्र डब्या ठाऊक नव्हत्या. जे सांगायचं ते जुन्याच बोलीत सांगायला हवं होतं. तीन दिवसांनी, किर्लोस्करवाडी मागे पडताना, सुकुमारनं वहीत तेवढ्याच घरांचा दुसरा तक्ता मांडला. नानासोंनी नदी पाहिली त्या दिवशी एक, नाही पाहिली त्या दिवशी शून्य. हा तक्ता पहिल्यावर ठेवायचा आणि एक असेल तिथलीच नदी मोजायची.

उत्तर आलं तेव्हा नानासोंचा शेवटचा आठवडा होता. सहासष्टची सरासरी आता शेजारच्या सालांशी जुळत होती. नानासोंनी दुसऱ्या तक्त्यातली बारा शून्यं शोधून काढली.

“आन् ही कशाची?”

“त्या दिवशी तुम्ही नदीवर नव्हता, एवढंच सांगतात.”

“नव्हतोच,” नानासो म्हणाले. बोट बराच वेळ तिथेच राहिलं. “ऱ्हाऊ द्या मंग.”

वही कचेरीत राहिली. पुढे डब्यांच्या बोली आल्या. सुकुमार त्या हौसेनं शिकला, जुनी कामं त्यांत उतरवत बसला. नानासोंचे दोन तक्ते तेवढे त्यानं तसेच ठेवले, एकावर एक.