जयाचं गाऱ्हाणं

मुलुंडच्या त्या लहानशा हॉस्पिटलात नलिनी मेस्त्रीचा दरारा होता. नवीन नर्स आली की नलिनी सिस्टर पहिल्याच दिवशी तिला तासायची. पेशंटचं दुखणं लिफ्टमध्ये बोलायचं नाही, कॅन्टीनमध्ये नाही, नवऱ्यापाशी तर नाहीच. आणि बोलायची तशी वागायचीही, उगाच कशाला खोटं सांगा.

जया तिच्याच गावची. दोन्ही घरं गावच्या मुंबई मंडळात. जयाच्या छातीत गाठ निघाली, इथल्याच डॉक्टरांनी ती काढून तपासायला पाठवली. ड्रेसिंग करताना जयाने नलिनीचा हात धरला. "नलिनीताई, रिपोर्ट येईपर्यंत आईला कळू देऊ नको गं. मावशी यातच गेली. आई धसकाच घेईल."

"वेडी की काय तू? माझ्या तोंडून शब्द निघणार नाही," नलिनी म्हणाली.

नाहीच निघाला. चेहरा का उतरलाय म्हणून घरी जावेने खोदून विचारलं तरी नाही. मग आली रविवारची मंडळाची सत्यनारायणाची पूजा, नाहूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. जया आपल्या घरी पडून होती, वेगळ्या राहणाऱ्या आईला तिने ऑफिसचं काम सांगितलं होतं.

पूजा आटोपली की मंडळातले जुनेजाणते लवूकाका घाडी नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. ज्याच्या घरी काही अडलंय, दुखतंय, तो आधी त्यांच्या कानाशी लागतो. जयाच्या काळजीने नलिनी दोन दिवस नीट जेवली नव्हती. ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "काका, आपल्यातल्या एका पोरीच्या छातीत गाठ आहे. तेवढं देवाच्या कानावर घाला."

"पोरगी कोणाची गो? नावाशिवाय गाऱ्हाणा घालूचा कसा?"

आणि तिने नाव सांगितलं.

बाईने अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे! लहानपणापासून गाऱ्हाणी ऐकत आलेली ती. लवूकाकांना माईक लागत नाही हे तिला ठाऊक नव्हतं? पण तिच्या मनाने घेतलं की हे माणसाला सांगणं नव्हेच, देवाला सांगणं आहे. आणि खरं बोलायचं तर, काकांच्या कानाशी लागताना, आपल्याला आतलं माहीत असतं याचा थोडा तोराही होताच तिला. पुढे तोच तिला जास्त खात राहिला.

लवूकाकांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या रत्नप्रभाच्या लेकीच्या, जयाच्या छातीत जी काय गाठ इली आसा, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल म्हणाला. पहिल्या रांगेत हात जोडून बसलेली रत्नप्रभाही सवयीने म्हणाली. मग तिचे जोडलेले हात तसेच राहिले आणि ती शेजारणीच्या तोंडाकडे बघू लागली.

पुढची गाऱ्हाणी नलिनीला ऐकू आली नाहीत. प्रसाद वाटताना दोघीतिघी येऊन बरं केलंस म्हणाल्या, त्याने तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी रत्नप्रभा आली. "तुका ठाऊक होता?" एवढंच तिने विचारलं.

जयाने फोन उचलला नाही. नलिनी मेट्रनकडे गेली आणि आपलं आपण सगळं सांगून आली. मेट्रनने बोल बोल बोलून घेतलं, तरी मनाला स्वस्थता नव्हती. मग रिपोर्ट आला. गाठ साधी होती. नलिनीला रडू फुटलं, आणि पाठोपाठ वाटलं, आता जया मला माफ करेल. असं वाटल्याचीही तिला लाज वाटली.

टाके काढायला जया आली ती सरळ प्रांजलसमोर जाऊन बसली. प्रांजल नवीनच लागलेली नर्स. नलिनी पडद्यापाशी उभी राहिली. "जया, माझं चुकलं गं," ती म्हणाली.

जयाने तिच्याकडे पाहिलं. "देवाला सांगायचं होतं तर घरी सांगायचंत. देव्हारा नाही तुमच्याकडे?"

ती आजवर कधी नलिनीला अहो-जाहो बोलली नव्हती.

प्रांजल गडबडली. कात्री हातात घेऊन तिने विचारलं, "अजून कुठे काही त्रास होतोय?"

"होतोय," जया म्हणाली. "त्या सिस्टर बाहेर गेल्या की सांगते."

नलिनी बाहेर आली आणि तिने मागे पडदा नीट ओढून घेतला.