फूटरेस्ट तीन बोटं मागे

सन दोन हजार बावीस. मला बहात्तर पुरे झाले होते, आणि त्या वर्षी तुरी सोंगून झाल्यावर नाल्यातल्या तिसऱ्या दगडावर माझा पाय टेकला.

पाय टेकला म्हणजे काय, ते आधी सांगतो. माझ्याकडे एक जुनी फटफटी आहे. धरणाच्या कामावर बाहेरदेशचा एक साहेब आला होता, तो जाताना मला विकून गेला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. तिची गादी म्हणजे नुसती फळी, कारण ती बसून चालवायची गाडीच नाही. फूटरेस्टवर उभं राहायचं आणि दगडधोंड्यांतून मुंगीच्या चालीनं जायचं. पळवणारे पुष्कळ आहेत. इथं खेळ एवढाच, की पाय जमिनीला लागला नाही पाहिजे. साहेबानं दोन-चार गोष्टी दाखवल्या, बाकीचं मी आमच्या शेतामागच्या नाल्यात शिकलो. तिथं तीन काळे दगड आहेत, एकाहून एक उंच. चव्वेचाळीस वर्षं ते पाय न टेकता चढलो. शाळा माझी तिसरीतच सुटली, पण हे आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणी करून दाखवावं.

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात एक हॉटेलवाला आहे. त्याला ही गाडी रंगवून हॉटेलसमोर चबुतऱ्यावर ठेवायची होती. गेलो की चहा पाजायचा आणि विचारायचा, "काकाजी, देता का मंग?" एकदा भरल्या हॉटेलात मी बोलून गेलो, "ज्या दिवशी तिसऱ्या दगडावर माहा पाय टेकन, त्या दिवशी घेऊन जाजो. शब्द हाये माहा."

आणि टेकला. पुढचं चाक दगडावर उचललंच नाही. गाडी तिरपी झाली आणि डावा पाय आपोआप खाली गेला. पाहायला फक्त बायको होती, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तुराट्यांच्या पेंढ्या बांधत.

"टेकला ना जी पाय," ती म्हणाली.

"घसरला."

"घसरला का टेकला, जमिनीले लागला ना?"

मी गाडी ढकलत घरी आणली.

तीन दिवस गाडीत खोट शोधली. शॉकअप पाहिले, टायरातली हवा कमीजास्त केली, प्लग घासला. खोट नव्हती. चौथ्या दिवशी बंडी जुंपताना डोक्यात आलं. बंडीत मागं माल जास्त झाला की ती उलार होते, जू वर उचलतं. पुढं जास्त झाला की बैलांच्या मानेवर बसते. तेव्हा कोणी चाकं बदलत नाही, माल सरकवतो. माझी गाडी पुढं जड झाली होती. पण तिच्यावर माल एकच, मी. आणि मी तर साहेबाच्याच फूटरेस्टवर उभा होतो, पहिल्या दिवसापासून.

साहेबानं सांगितलेलं आठवलं: उभं राहिलं की कान बरोबर फूटरेस्टच्या वर आला पाहिजे. अंगणात दोन्हीकडून दोर ताणून गाडी बांधली, वर चढलो, आणि दोरीला नट बांधून बायकोच्या हाती दिला.

"माह्या कानापासून सोड. नट कुठी येते ते सांग."

"फूटरेस्टच्या वीतभर पुढं."

"दोरी तिरपी धरली तू."

"दोरी कायले तिरपी होते जी? तुमीच झाले."

तिनं पुन्हा धरली. पुन्हा वीतभर.

"नीट उभे राहा ना."

"नीटच उभा हाये मी!"

"मंग हे असंच हाये," ती म्हणाली. "दहा-बारा वर्सं झाले. साऱ्यायले मालूम हाये, तुमाले सोडून."

मी खाली उतरलो. पाठ वाकली असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर भांडलो असतो. नटाशी काय भांडता?

माल मागे सरकवायचा म्हणजे फूटरेस्टच मागे न्यायचे. पण वीतभर न्यायला जागा नव्हती, तिथं मागच्या चाकाचा दांडा येतो. तीन बोटं मागे आणि एक बोट खाली, एवढंच जमत होतं. सिंदीला रेल्वे फाटकाजवळ एक वेल्डर आहे, त्याच्याकडे गेलो.

"काऊन सरकवून राह्यले काकाजी? कंपनीनं बरोबरच लावले असन ना."

"कंपनीनं साहेबासाठी लावले. तू माह्यासाठी लाव."

"तीन बोटं म्हंजे कोनाचे? तुमचे का माहे?"

"पाय माहे, तं बोटं बी माहेच. तोंड बंद कर आन मशीन चालू कर."

खडूची खूण मी स्वतः केली. जुने झिजले होते, म्हणून ते ब्रॅकेटसकट कापले आणि जाड पट्टीचे नवे बनवून घेतले, पाय घसरू नये म्हणून वरून दाते पाडून. उभा राहून पाहिलं तर उजवा पाय ब्रेक शोधत राहिला. पेडल आपल्या जागी पुढंच राहिलं होतं.

वेल्डर हसला. "आता थांबसान कसे?"

"तेच सांगाले थांबलो हावो," मी म्हणालो. खरं म्हणजे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पेडल कापून तेही मागे आणलं.

ऊन उतरताना नाल्यात गेलो. पहिला दगड, दुसरा. तिसऱ्याला जरा मागं रेललो, आणि भरली बंडी उलार व्हावी तसं पुढचं चाक हलकं होऊन वर गेलं. मागचंही चढलं. दोन्ही पाय फूटरेस्टवर.

"पाह्यलं ना?" मी काठावरच्या बायकोला विचारलं.

"पाह्यलं," ती म्हणाली. "तवाबी पाह्यलंच होतं."

एवढं बोलून ती घराकडे निघाली. रात्री जेवताना मला भरल्या हॉटेलात दिलेला शब्द आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते जुने फूटरेस्ट पेपरात गुंडाळले, त्याच गाडीवर जामला गेलो आणि भरल्या हॉटेलात गल्ल्यावर ठेवले.

"पाय टेकला माहा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तिसऱ्याच दगडावर."

हॉटेलवाला बाहेर गाडीकडे पाहायला लागला.

"तिकडं नको पाहू. ह्यायच्यावरून टेकला. हे तुये, ठेव चबुतऱ्यावर."

"आन गाडी?"

"नव्यावरून टेकन तवा येजो."

त्यानं चहा सांगितला. मी तो पिलो, किक मारली, आणि चौक उभ्यानंच पार केला.