गाठ नको

"गाठ मारलस तर घराक येव नको!" पार्वती धक्क्यावरून अशी ओरडली की बंदरातले बगळे उडाले ते थेट अरबस्तानात उतरले असणार. होडीत बसलेला तिचा नवरा महादेव मात्र हलला नाही. त्याच्या एका हातात नांगराची साखळी होती, दुसऱ्यात नवा दोर. मागच्या वादळी वाऱ्यात याच जागची गाठ सुटली आणि होडी खडकावर गेली. फळ्या बदलून ती आजच पुन्हा पाण्यात उतरली होती. आता फुटली तर मासेमारी संपलीच.

मी बाजूला बसून बघत होतो. आपल्या भाषेत गाठीचा केवढा थाट! पुण्य गाठीशी असतं, माणसांच्या गाठीभेटी होतात, आणि लग्नाच्या गाठी तर म्हणे स्वर्गातच बांधतात. इथे मात्र गाठ म्हणजे शिवी. महादेवने दोराचे पेड उलगडले, साखळीच्या शेवटच्या कडीतून ओवले आणि एकेक करून पुन्हा दोराच्याच अंगात विणले. लोखंडाला धरायचं तर दोराला आधी स्वतः सुटावं लागतं, मग स्वतःतच परतावं लागतं. एवढा वेदान्त सांगायला एखाद्या महाराजांनी सप्ताह बसवला असता.

शेवटचा पेड आवळून महादेवने वर पाहिलं. "मगे गो, आपली लग्नगाठ कशी टिकली?"

पार्वतीने होडीत उतरून जोड दोनदा ओढून पाहिला.

"त्या गाठीक होडी बांधूची नव्हती," ती म्हणाली.