अक्काच्या थायलंड सहलीची तयारी

लिहिण्याचा अधिकार माझा नाही, हे आरंभीच मान्य करते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवला. वर्गाबाहेर चार माणसांत बोलायचे म्हटले की मी काहीतरी निमित्त काढून उठत असे. निवृत्तीनंतर थायलंड पाहून आले, तेव्हापासून ओळखीच्या बायका काहीबाही विचारत असतात. त्यांना तोंडी उत्तर देणे जमत नाही, म्हणून हा आगाऊपणा. क्षमा असावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. तेव्हा हवा कोरडी असते. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने तरी उरलेली असावी. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते तिकीट काढण्याआधी पाहावेत. आणि पासपोर्ट कुलपात ठेवावा. हे शेवटचे मी अक्काच्या घरी शिकले.

अक्का माझी थोरली बहीण, मेढ्याच्या पलीकडे एका गावात दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा हात चालतो हे माहेरी सर्वांना ठाऊक होते आणि त्याविषयी कोणी बोलत नसे. अक्काला बेटावरून समुद्र पाहायचा होता. पुष्कळ महिने नाही म्हणून दाजी अखेर एकदाचे हो म्हणाले आणि तिचा पासपोर्ट निघाला. त्या खंडेनवमीला मी तिच्याकडेच होते.

खंडेनवमीला घरातली सारी हत्यारे पूजतात. पाटावर कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने आणि दाजींची बंदूक मांडलेली होती. अक्काने मधोमध पासपोर्ट ठेवला. "आता ह्ये बी माझं हत्यारच की गं," म्हणाली, आणि नव्या वहीला लावावे तसे आतल्या पानावर ओले हळदकुंकू लावले. कृपा करून असे करू नये. फोटोच्या पानावर डाग दिसला, तर विमानतळावरून माघारी धाडतात.

तेवढ्यात तिचा दीर प्रसादाला आला. मी प्रसाद वाढायला स्वयंपाकघरात गेले, तिथल्या दारातून सारे दिसत होते. पासपोर्ट पाहून हसला. "काय रं दादा, वयनीला थायलंडला नेतोस व्हय? हाटेलात जेवायला निघालाय आन् डबा बांधून!"

दाजीही हसले. "मी न्हाई जात. ह्या दोघी भनी चालल्यात."

"दोघीच? मग वयनी तिकडं जाऊन मसाज करनार हायत का करून घेनार हायत?"

दाजींनी बसल्या जागेवरून त्याच्या मुस्कटात मारली. दिराने छातीवर हात देऊन त्यांना मागे ढकलले. भिंतीवर दाजींचे डोके आपटल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी बाहेर येईपर्यंत दाजींच्या हातात पाटावरचा कोयता होता. हळदीने माखलेला, नुकताच धार लावलेला. अक्का दोघांच्या मध्ये शिरली. "आवं, सणाचं काय करताय!" एवढेच तिचे शब्द, आणि कोयता तिच्या कोपराखाली उतरला.

दीर अनवाणी पळाला. दाजींनी कोयता टाकला, पण तिला धरायचे सोडून तिच्याच पाठीत गुद्दा घातला. "मधी कशाला कडमडलीस?" दुसरा गुद्दा उगारला, तेव्हा पूजेचा पितळी तांब्या माझ्या हाती आला आणि मी तो त्यांच्या कानशिलावर मारला. ते खाली बसले. जन्मात मी कोणावर हात उगारला नव्हता. मला वाईट वाटले नाही, अजूनही वाटत नाही.

मी पदर फाडून तिचा हात बांधत होते आणि ती मोकळ्या हाताने पाटावर पासपोर्ट चाचपत होती. पाने रक्ताने चिकटली होती. "चुलीत घाल त्ये," दाजी ओरडले. तिने तो पोलक्यात खोचला. टाके घालताना डॉक्टरांना तिने सांगितले, "गवत कापताना लागलं."

खराब झालेला पासपोर्ट चालत नाही. त्याच्या बदली नव्यासाठी अर्ज करावा लागतो. पासपोर्ट कार्यालयात खिडकीवरच्या साहेबांनी पान उलटून विचारले, "हे काय सांडलंय?"

"खंडेनवमीचं कुंकू, सायेब."

"एवढं?"

"आमच्याकडं सढळ हातानं लावत्यात."

नवा पासपोर्ट माझ्या कपाटात कुलपात आहे, आणि अक्काही माझ्याकडेच आहे.

उरलेली तयारी साधी. अडकित्ता हातातल्या पिशवीत चालत नाही, तो मोठ्या बॅगेत टाकावा. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी बाळगावी. तिथे भाजीतही माशाचा रस घालतात, म्हणून शाकाहारी असाल तर आधीच सांगावे. होडीत बसताना तरंगण्याचे जाकीट मागून घ्यावे. परतीचे तिकीट जातानाच काढावे, कारण उतरल्यावर ते मागू शकतात.

परतीचे तिकीट काढले त्याच आठवड्यात दाजी सांगलीला आले. फाटकाचे कुलूप त्यांनी दगडाने ठेचले, खिडकीची काच फोडली. "जा तिकडं! आलीस की तंगडंच तोडतो, मग बघतो कुठं फिरतीस!" शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. पोलिसांपुढे दाजी हात जोडून उभे राहिले, चहाही प्यायले, आणि जाताना फाटकाबाहेरून अक्काला बोटाने गळा चिरल्याची खूण करून गेले.

मी काचा वेचीत म्हणाले, "आल्यावर इथंच राहा."

"न्हाई. माझी म्हसरं हायत तिथं. घर माझ्या बी घामाचं हाय. त्येनं मारलं म्हनून मी का सोडू?"

"आणि पुन्हा कोयता उचलला तर?"

तिने बाही खाली ओढून व्रण झाकला. "आदी समुद्र तर दाव."

पुढच्या महिन्यात निघतो आहोत. परत आल्यावर मुंबईच्या विमानतळावर गाडी मलाच ठरवायची आहे, आणि ती सांगेल तिकडे नेण्याचे वचन तिने माझ्याकडून घेतले आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर ती गाडी मेढ्याकडे नेली असती का?