रेडिओवरची शेवंती

आता माह्याच तोंडानं माही फजिती सांगतो. हसा, पण चहा सांडू नका!

राजापेठेत माही फुलाची टपरी हाये, अन् बायकोचं नाव शेवंती. सासरे अकोल्याले, जठारपेठेत फुलंच विकतात. पोरीचं नाव दुसरं काय ठेवतील? तं लग्नाच्या बाराव्या वाढदिवशी या पठ्ठ्यानं बायकोले काय द्यावं? दुकानात उरलेला कालचा गजरा! तिनं तो एक डाव हुंगला, पिशवी भरली अन् माहेर गाठलं. चार दिवस फोन उचलेना. चार दिवस मी कच्च्या चिवड्यावर काढले, बाप्पा.

मंग मले रेडिओ आठवला. लग्नाआधी शेवंती दुपारच्या फर्माईशीले पोस्टकार्ड पाठवे. तिचं नाव वाचलं का सासरे गल्लीभर पेढे वाटत. तो मीडियम वेव्हचा डबा त्याइच्या दुकानात आजही दिवसभर वाजते. म्हणलं, तिच्यासाठी एक गाणं लावू, माफी मांगू, काम फत्ते! पोस्टकार्डाचा जमाना गेला अन् फोनचा आला, एवढं मले माहीत होतं. पण फर्माईश उचलून संध्याकाळी नेली, अन् दुपारची वेळ शेतीसल्ल्याले देली, हे मले कोण सांगन? मी रेडिओ ऐकून धा वर्षं झाले!

फोन लागला. म्हणलं, राजापेठेतून फुलवाला बोलून राहिलो, आमची शेवंती रुसली जी.

लाइनीत खरखर होती. तिकडून एक साहेब मोठ्या मायेनं म्हणाले, "सुकली? कधीपासून?"

म्हणलं, सुकलीच असन, चार दिवस झाले. मनात म्हणलं, रेडिओवाले किती सुधारले! पयले नुसतं नाव वाचत, आता घरच्यावानी चौकशी करतात. त्याइनं इचारलं, आणून किती वर्षं झाली. मी छाती फुगवून सांगतलं, बारा.

"बारा वर्षं एकच?" साहेब चाट पडले. "अहो, मग तिच्यावर मेहनत वाया घालवू नका. उपटून टाका, नवीन आणा. खरं तर दरवर्षी बदलावी."

मी गांगरलो. पण धंद्याची सवय वाईट, भाऊ! तोंडातून निघालं, "नवीन कुठं भेटन जी?"

साहेब म्हणाले, रोपवाटिकेत. अन् एकदम दोन-तीन न्या, एखादी दगावते.

रोपवाटिका म्हणल्यावर माह्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तवर अख्ख्या वऱ्हाडानं ऐकलं होतं.

संध्याकाळी शेवंती यष्टीनं दुकानापुढं हजर! शेतीवाले साहेब होते, मले फर्माईश वाटली, असं मी एका दमात सांगून टाकलं. कालच्या गजऱ्याची माफी बी मांगली. तिनं सगळ्यात ताजा गजरा उचलला, डोक्यात माळला, अन् माह्याच खुर्चीवर बसली. मले इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

म्हणलं, म्हणजे राग गेला ना?

"राग कायचा?" ती म्हणे. "साहेबाचं ऐकून मी बी बदलाले निघाली होती. पण बाबा म्हणे, पोरी, हा वाण कोणी फुकट बी नेत नाही. तूच सांभाळ."